तिखटाच्या चक्कीचा हट्ट

गावात वीज नुकतीच आली होती, त्या काळची ही गोष्ट. हुसेनभाईंच्या गिरणीत एक थोरलं तेलाचं इंजिन होतं. सगळे त्याला आबा म्हणत. दळणाची चक्की, डाळीचं यंत्र आणि धाकटी तिखटाची चक्की, तिघंही आबांच्याच पट्ट्यांवर फिरत.

एकदा लग्नाचा मसाला दळताना तिखटाच्या चक्कीत खिळा अडकला. आबांना थांबवावं लागलं आणि सगळी गिरणी ठप्प झाली. बायका पिठाविना परतल्या. चक्कीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माझी वेगळी मोटर हवी," ती म्हणाली.

आबा गुरगुरले, "मी थांबलो की गिरणी थांबते, हाच माझा मान. सुटीसुटी झालात तर वाऱ्यावर जाल!"

"जाऊ दे. पण माझ्या खिळ्यापायी गावानं भाकरीविना का राहायचं?"

दुसऱ्या दिवशी हुसेनभाईंनी सात वेळा पट्टा चढवला. सातही वेळा तिनं तो झटकून टाकला.

"भंगारात घालीन!" ते ओरडले.

"घाला. पण या पट्ट्यावर मी फिरणार नाही."

शेवटी वैतागून त्यांनी तिला विजेची छोटी मोटर बसवली. मग बाकीच्या दोघांनीही पट्टे टाकले आणि आपापल्या मोटरी मागून घेतल्या.

दिवाळीच्या ऐन गर्दीत तिखटाच्या चक्कीची मोटर जळाली. कोपऱ्यातून आबा हसले, "पडलीस ना बंद?"

"पडले की," ती ठसक्यात म्हणाली. "आता जरा कान देऊन ऐका, आबा. दळण चालू आहे."