ऐरणीला दिलेला खांदा

ज्येष्ठ सनदी अधिकारी माधवराव हिर्लेकर यांच्या सेवानिवृत्तीला अवघे एकोणीस दिवस उरले असताना एकदा असे घडले.

हिर्लेकर एका डोंगराळ विभागाचे आयुक्त होते. पाच दिवस पावसाला खळ नव्हता. अशात साकरवाडीच्या माथ्यावरच्या डोंगराला भेग पडल्याची वार्ता आली. सकाळी चार बोटे रुंद असलेली ती भेग दुपारपर्यंत हातभर झाली. पाहणीला गेलेला भूगर्भशास्त्रज्ञ धापा टाकतच खाली उतरला आणि म्हणाला, "हा उतार उद्याची दुपार पाहणार नाही."

गावात घरे बासष्ट, माणसे दोनशे सत्याऐंशी.

तेथील प्रांताधिकारी होत्या मुक्ता गायधनी. वय अठ्ठावीस, पहिलीच नेमणूक. बुद्धी तल्लख, कामाचा झपाटा मोठा, आणि हिर्लेकरांना त्या गुरुस्थानी मानीत. तीन वाजेपर्यंत त्यांनी पायथ्यापासून कोसभर दूर असलेल्या हायस्कुलात निवाऱ्याची सोय केली, चार एसटी गाड्या आणि सहा ट्रक रस्त्यावर उभे केले, सक्तीच्या स्थलांतराचा आदेश काढला आणि पोलिसांची तुकडीही बोलावली. काही म्हणून उणे ठेवले नाही. एवढे करूनही गाव जागचे हलेना.

गावाच्या वतीने बोलत होता भिवा लोहार. पासष्टीचा, रुंद छातीचा माणूस.

"मागं दोनदा उठवलंत आम्हाला. डोंगर होता तिथंच राहिला, आणि आमच्या घरातली भांडीकुंडी मात्र चोरीला गेली. आता नाही उठायचं."

"भिवाकाका, या वेळी खरंच धोका आहे हो!"

"तुमचं दर वेळी खरंच असतं, बाई."

लोक हसले. मुक्ताताईंचा चेहरा लाल झाला. पोलिसांना पुढे होण्याची खूण करण्यासाठी त्यांनी हात उचलला, तोच आयुक्तांची गाडी येऊन थांबली.

हिर्लेकरांनी छत्रीखाली उभ्या उभ्या आदेश वाचला. "उत्तम लिहिलाय. एकही पळवाट ठेवली नाहीत," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि ती खिशात घातली. मग पोलीस निरीक्षकांना म्हणाले, "काठ्या गाडीत ठेवा. दोर आणि बांबू मिळतील तेवढे घेऊन या."

"सर, सूर्यास्ताला जेमतेम साडेतीन तास आहेत!" मुक्ताताई म्हणाल्या.

"म्हणून तर घाई करतोय."

ते सरळ भिवापुढे गेले. "तुमच्या घरातली अशी कोणती वस्तू आहे, जी तुम्हाला एकट्याला हलणार नाही?"

भिवा गोंधळला. असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "ऐरण," तो अखेर म्हणाला. "आज्याच्या वेळची. दीड मणाची आहे. तीच नसली तर मी कशाचा लोहार?"

"चला, दाखवा."

दोघे भात्याजवळ गेले. ऐरणीला दोर आवळला गेला, दोरातून बांबू घातला गेला. एक टोक भिवाने उचलले आणि दुसऱ्या टोकाला विभागाच्या आयुक्तांनी खांदा दिला. शिपाई धावला, "साहेब, मी घेतो!" त्यावर हिर्लेकर म्हणाले, "तू पुढच्या घरी जा. तिथंही काहीतरी जड असेलच."

उतरती, निसरडी वाट. दहाव्या पावलाला साहेबांचा एक बूट चिखलात रुतला. त्यांनी तो तिथेच सोडला. मुक्ताताई पाहतच राहिल्या. बासष्ट घरे रिकामी करायची आहेत, वर डोंगर फाटतो आहे, आणि हे एका ऐरणीपायी जिवाचा आटापिटा करताहेत! साहेबांना झाले आहे तरी काय?

"पाय जपून, साहेब," भिवा मागून म्हणाला.

"तुम्ही हाक देत राहा. मी पाऊल टाकतो."

"हं, टाका! हं, टाका!"

ती हाक गावभर ऐकू गेली. लोक ओट्यांवर आले. ऐरण ट्रकमध्ये चढली तेव्हा भिवाने वळून वर पाहिले आणि ओरडला, "अरे, बघत काय बसलात? उचला!"

मग काय विचारता! दारे धडाधड उघडली. कणग्या निघाल्या, ट्रंका निघाल्या, पाळणे निघाले. पोलिसांच्या डोक्यावर धान्याची पोती आली. मुक्ताताईंनी पदर खोचला आणि कोणाचेसे शिलाई मशीन एका बाईबरोबर पार रस्त्यापर्यंत नेले. जो तो दुसऱ्याला हाका देत होता. एक म्हैस वाटेत अडून बसली, तर सहा जणांनी तिची मनधरणी केली. भीतीचे सावट तर होतेच, पण त्या धावपळीला लग्नघराची लगबग आली होती. सूर्य मावळण्याआधी शेवटचा ट्रक हलला, आणि रिकाम्या गावाच्या वाटेवर पोलिसांचा पहारा बसला.

हायस्कुलात हजेरी घेऊन झाल्यावर मुक्ताताईंनी विचारले, "सर, आदेश योग्य होता. मग तो खिशात का घातलात?"

हिर्लेकर चिखलाने माखलेला पाय धूत होते. ते म्हणाले, "माझ्या पहिल्या नेमणुकीत मीही असाच एक आदेश काढला होता. पूर येत होता. पोलिसांकरवी दोन तासांत गाव रिकामं केलं आणि अहवालात लिहिलं, 'स्थलांतर पूर्ण.' वरिष्ठांची शाबासकी मिळाली. सखाराम नावाचा एक शेतकरी मात्र आमची नजर चुकवून परत गेला. त्याचा बैल गोठ्यात बांधलेला राहिला होता. दोघंही वाहून गेले. त्याच्या मुलीनं मला एवढंच विचारलं, 'साहेब, बैलाचं कुणी विचारलं का नाही?' चौतीस वर्षं झाली, मुक्ताताई. आदेशानं माणसाचे पाय निघतात, मन मागं राहतं. आणि मागं राहिलेल्या मनापाठी माणूस परत जातो. म्हणून आधी मी त्याचं मन कुठं अडकलंय ते विचारतो."

मुक्ताताई उठल्या आणि कोणाचे काही मागे राहिले आहे का, ते एकेकाला विचारत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला जमिनीतून घरघर उठली. सगळे मैदानात धावले. कोसभर दूर हिरवा डोंगर मधोमध उकलला आणि पाहता पाहता खाली ओघळला. साकरवाडीच्या जागी लाल माती उरली. मग एकच कल्लोळ झाला. कोणी रडले, कोणी शेजाऱ्याला मिठी मारली, कोणी पुन्हा पुन्हा आपली पोरे मोजली.

मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला. "मागे किती जण अडकलेत?"

मुक्ताताईंनी मैदानावर नजर फिरवली. एकेक चेहरा त्यांच्या ओळखीचा झाला होता. कोणाच्या घरून काय उचलले तेही आठवत होते.

"कोणीच नाही, सर. कोणीही परत गेलं नाही."

अधिकाराची खुर्ची शासन देते. आपला शब्द मानला जाण्याचा मान मात्र लोकांच्या ओझ्याखाली खांदा देऊनच मिळवावा लागतो.