ठकू कासारणीनं अडवलेला चुडा

फार वर्षांपूर्वी, गावात विजेचे खांब यायच्याही आधी, मेटगावात ठकूआत्या नावाची कासारीण होती. काचेच्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती घरोघर हिंडायची. जीभ तिखट, हात मात्र लोण्याहून मऊ. बाई कितीही थोराड हाडाची असो, ठकूआत्या तिची बोटं अशी मुडपायची की बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही. हात हातात आला की तिला त्या बाईचं दुखणंखुपणं ऐकू यायचं, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण बायका तिच्यापाशी मन मोकळं करायच्या एवढं खरं.

त्याच गावात सगुणा नावाची सून होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सासू अनशीबाई वाईट नव्हती, पण लेकाचं, दौलतचं, दुसरं लग्न करायचं तिच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात सगुणाची पाळी चुकली आणि पोट वाढायला लागलं. घरात दिवाळीच झाली म्हणा ना! अनशीबाईला सुनेला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. नवसाचं पोट, दृष्ट लागायला नको, म्हणून तिनं घरात ताकीदच देऊन टाकली की पोटाला कुणी हात लावायचा नाही. सुईणीनं नाही, आणि आपणही नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. हिरवा चुडा भरायला ठकूआत्या आली, तिनं सगुणाचा हात हातात घेतला आणि ती चपापली. पोटुशी बाईचा हात भरतो, बांगडीचं माप वाढतं. या पोरीच्या मनगटाची मात्र काडी झाली होती. लग्नातल्या मापाची बांगडी थेट कोपरापर्यंत घसरली.

"सगळ्या भाईर व्हा बघू!" ठकूआत्या खेकसली. "एवढ्या डोळ्यांम्होरं चुडा भरला तर दिष्ट लागंल."

दृष्टीचं नाव काढताच खोली रिकामी झाली. मग ठकूआत्यानं हळूच विचारलं, "पोट काय म्हंतंय गं, बाय?"

सगुणाला रडू फुटलं. "आत्या, एका अंगाला सारखी कळ मारतीया. दोन घास खाल्लं की पोट तट्ट हुतंय. घडीघडी लघवीला जावं लागतंय, मधनंच अंगावर जातंय. आन् प्वार... प्वार एकदाबी हललं न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर सवत आली असती."

ठकूआत्याला संताप आला आणि रडूही आलं. ती उठली, टोपली बांधली आणि उंबऱ्यात येऊन म्हणाली, "चुडा भरणार न्हाई मी."

आता कासारणीनं भरल्या घरातून चुडा न भरता उठायचं, म्हणजे केवढा अपशकुन! अनशीबाई तर अंगावरच धावून आली. ठकूआत्यानं तिचा उगारलेला हात धरला, तिला आत ओढलं आणि तोच हात सगुणाच्या पोटावर ठेवला.

"पाच बाळंतपणं झाली तुजी. आता तूच सांग, हे ल्येकरू हाय?"

अनशीबाईनं सगळं पोट चाचपलं. ना डोकं हाताला लागलं, ना पाय. मग बाहेर आली आणि लेकाला म्हणाली, "दौलत, गाडी जुप."

दवाखाना नदीपलीकडे, तालुक्याला. नदीला पूर होता, पण गाडी काठाला येताच पाणी बैलांच्या गुडघ्यापर्यंत उतरलं, असं म्हणतात. ठकूआत्या सगुणाचा हात धरून गाडीशेजारून चालली. टोपली घाईत डोक्यावरच राहिली होती, तरी तिच्यातली एकही बांगडी वाढली नाही, साधा तडाही गेला नाही, असंही म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, तर घागरीएवढी पाण्याची गाठ निघाली. गावात सांगता सांगता त्या घागरीचा आता रांजण झाला आहे. बाईंनी अनशीबाईला समोर बसवून सांगितलं, "बाईच्या पोटात दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात. तिथं महिन्याच्या महिन्याला पाण्याची बारीक पिशवी धरते आणि आपली आपण विरून जाते. बाईला पत्ताही लागत नाही. एखादीच राहते आणि वाढत जाते. तिला पीळ पडला तर जिवावर बेततं. हिची त्याच बेतात होती. यात हिचा काही दोष नाही, आणि दुसरी बाजू चांगली आहे."

अनशीबाई सुनेच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडली. "म्या आधीच हात लावला असता तर," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

सगुणा बरी होऊन घरी आली, तेव्हा ठकूआत्यानं तिला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. पोट नसताना चुडा कसला, असं कुणीतरी कुजबुजलं. "प्वार जिती आली, ह्याच्यापरीस काय मोठं पायजे?" ठकूआत्या कडाडली. पुढं सगुणाला मूल झालं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं दोन मुली झाल्या, कुणी म्हणतं एकही नाही. सवत आली नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

आजही मेटगावात डोहाळजेवणाला कासारीण आधी सासूला बोलावते. सासू सुनेच्या पोटावर हात ठेवते आणि विचारते, "काही दुखतंय का गं?" याला ठकूआत्याचा हात म्हणतात. एखादी सून हो म्हणते. मग वाढलेली पानं तशीच झाकून ठेवतात, जीप बोलावतात आणि सासू सुनेबरोबर दवाखान्यात जाते. पंगत खोळंबली म्हणून गावात कुणीही रुसत नाही.