नदीपलीकडची पेठ

"मग माणसं येत का नाहीत, बाबा?"

इरप्पाशेठ तावातावानं विचारत होता. रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. शेठ गुरांचा मोठा व्यापारी. गावोगावच्या जत्रा पायी तुडवून त्यानं पैसा केला आणि सगळा नदीपलीकडच्या माळावर ओतला. तिथं शहर वसवायचं, हा एकच ध्यास! साठ दुकानं बांधली, दोन विहिरी खोदल्या, गुरांचा बाजार आखला. दोन वर्षं झाली, तिथं एक चूल पेटेल तर शपथ.

अलीकडच्या काठावर फाजीलशा फकीर आपली गाय धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जागा फुकट दिली," शेठ म्हणाला. "पाच वर्षं भाडं माफ केलं. तरी लोक म्हणतात, माळ वाईट, पटकीनं तिथली वस्ती उठली होती. अहो, त्याला चाळीस वर्षं झाली! तिथल्या विहिरीचं पाणी मी रोज पितो. दिवसभर तिथंच राबतो."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी... घरी येतो. इकडं."

फकीर हसले. "इरप्पा, ही गाय पलीकडं न्यायचीय. ने बघू."

आता गुरांच्या व्यापाऱ्याला गाय न्यायला सांगायची म्हणजे थट्टाच झाली. शेठनं धोतर खोचलं, दावं धरलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. गाय काठावरच पाय रोवून उभी. ओढलं, चुचकारलं, शेपूट पिरगाळलं... ढिम्म!

शेठ घामाघूम झाला. मग त्याला झाडाखाली बांधलेलं वासरू दिसलं आणि तो भडकला.

"वासरू इथं बांधून ठेवलंय, मग गाय हलेल कशी? आधी वासराला खांद्यावर घेऊन कुणीतरी पाण्यात उतरावं लागतं. मागनं आई येते, तिच्यामागं कळप येतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"सांग की," फकीर म्हणाले. "ऐकतोय मी."

शेठनं वासराकडं पाहिलं, मग पलीकडच्या रिकाम्या दुकानांकडं.

म्हणाला, "बाबा, माझी नात अडीच महिन्यांची आहे. आधी चार बिऱ्हाडं जाऊ देत, मग मी..."

"त्या चार घरांतली लेकरं केवढी आहेत, विचारलंस?"

शेठ भ्याला. आयुष्यात इतका कधी भ्याला नव्हता. दावं सोडून तो घरी गेला.

सोमवारी सकाळी तो बिऱ्हाड घेऊन आला. बायको तोंड फिरवून चालत होती. सून रडत होती. काठावर अख्खं गाव जमलं होतं. नात शेठच्या छातीशी उपरण्यात बांधलेली होती.

"बाबा, हिला काही होणार नाही, एवढं म्हणा."

फकिरांनी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते मला ठाऊक नाही. मधे धार जोराची आहे, पाय रोवून चाल."