धामणीचा नकार

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि ते आग्रहासाठी पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. तिथं जेवणाऱ्यानं पानावर आडवा हात धरला, तर वाढणारा बोटांच्या फटींतून वाढायचा. पाहुणा 'नको' म्हणाला की त्याचा अर्थ 'थोडं चालेल' असा घ्यायचा आणि 'अजिबात नको' म्हणाला की 'लाजतोय' असा. पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे आणि वेशीबाहेर पडले की पहिल्या झाडाखाली आडवे व्हायचे.

आग्रहात पहिला मान कोठीमावशीचा. गावाचं बियाण्याचं कोठार तिच्या ताब्यात होतं. पुढच्या पेरणीचं सगळं धान्य तिथल्या कणग्यांत असायचं, म्हणजे गावाचं पुढचं वर्षच तिच्या कमरेच्या किल्लीला बांधलेलं होतं म्हणा ना.

कोठारात तिनं एक धामण पाळली होती. पिवळसर, लांबलचक, बिनविषारी. तिच्या धाकानं उंदीर तिकडे फिरकत नसत. मग धामणीचं पोट कसं भरायचं? मावशी शेतातल्या पिंजऱ्यांत अडकलेले उंदीर आणून तिला घालायची. "खा गं बाई, आणखी एक. माझ्या गळ्याची आण हाय तुला," असं म्हणायची. सापाला आण घालणारी बाई तुम्ही कुठं पाहिली नसेल. त्या गावात मात्र कुणाला त्याचं नवल नव्हतं.

एका वर्षी पेरणी तोंडावर आली आणि धामण खाईनाशी झाली. तिचा रंग मळकट झाला. डोळ्यांवर निळसर दुधी साय धरली. पुढ्यात ठेवलेल्या उंदरापासून तिनं तोंड फिरवलं.

"आजारलीस का रुसलीस?" मावशीनं विचारलं.

"नको," धामण म्हणाली.

मावशीनं ते ऐकलं आणि त्या गावच्या रीतीप्रमाणे सोडून दिलं. तिच्या जिवाला घोर लागला होता. ही अशक्त झाली तर उंदीर शिरतील, उंदीर शिरले तर बियाणं जाईल आणि बियाणं गेलं तर गाव काय पेरणार? तिनं धामणीची मान धरली, जबडा उघडला आणि घास आत सारला.

धामणीनं तो तसाच ओकून टाकला. तळमळताना मानेशी कातडं फाटलं आणि आंधळ्या भीतीनं ती मावशीच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं.

"मावशी," ती धापा टाकत म्हणाली, "मी आजारी नाही की रुसलेली नाही. माझी कात निघायची आहे. सगळा जीव तिकडं लागलाय, अन्न पचवायला काही उरलेलं नाही. तुझ्या हाताला माझी भूक कळते, पण माझं नको कळत नाही. आणखी एक घास घातलास, तर मी वाचायची नाही."

मावशीनं रक्ताळलेला हात पदरात गुंडाळला. हाताच्या वेदनेपेक्षा तिला लाज जास्त झोंबली. आयुष्यभर जिला ती माया समजत आली होती, तीच आज तिच्या लाडक्या जिवावर उठली होती.

"मग मी काय करू गं?" तिनं रडत विचारलं.

"पाणी ठेव. अंग घासायला एक खरबरीत दगड ठेव. आणि थांब."

थांबण्याचं काम मावशीला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि मनाशी ठरवलं, आता हट्ट करायचा तो थांबण्याचा.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? पाटील दुधाची वाटी घेऊन आले. मागून निम्मा गाव. कुणाच्या हातात अंडी, कुणाच्या हातात बेडूक.

"मावशे, सर बाजूला," पाटील म्हणाले. "मुक्या जनावराला उपाशी मारतीस व्हय?"

"पाटील, आत घास जायचा न्हाई. तिनं नको म्हटलंय."

"आगं, नको म्हंजी..."

"नको म्हंजी नको!"

 हे वाक्य त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

"आन उंदरांनी बियाणं खाल्लं तर?" पाटलांनी विचारलं.

"उंदीर मी हाकलीन. जितकं बी जाईल, तितकं माझ्या घरच्या कणगीतनं भरून दीन. पर घास न्हाई."

ती काठी घेऊन कोठाराच्या उंबऱ्यावर बसली. उंदीर आलेच. मावशीनं काठी आपटून आपटून त्यांना हुसकावलं. मधूनमधून जाऊन ती धामणीजवळचं गोणपाट ओलं करायची. ती गलितगात्र पडलेली दिसली की मावशीचा हात आपसूक पिंजऱ्याकडे जायचा. 'एकच घालू का? छोटासा?' मग ती चावलेल्या जागेकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. हातावर हात ठेवून बसणं म्हणजे आळस, असं आपण म्हणतो. मावशीला विचारा, तिनं जन्मात इतके कष्ट केले नव्हते.

एका सकाळी धामणीच्या डोळ्यांवरची साय गेलेली दिसली. मावशी आनंदानं उंदीर घेऊन धावली.

"अजून नाही," धामण म्हणाली.

मावशी आल्या पावली परत फिरली. बघा, थांबायचं ठरवणं सोपं असतं. सुटका दिसू लागल्यावर थांबणं अवघड.

आणि मग एके दिवशी दगडाशी लांबच लांब पांढरी कात पडलेली दिसली. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी, डोळ्यांवरच्या पातळ पापुद्र्यांसकट. फक्त मानेशी, जिथं मावशीची बोटं रुतली होती, तेवढीच फाटलेली. शेजारी धामण नव्या नवरीसारखी झळकत होती.

"मावशी," ती म्हणाली, "भूक लागली गं."

मावशीनं घास अलगद तिच्या पुढ्यात ठेवला. खाऊन, पचवून धामण पुन्हा कणग्यांमधून फिरू लागली आणि उंदरांनी कोठार सोडलं. गेलेलं पसाभर बी मावशीनं बोलल्याप्रमाणे भरून दिलं. पेरणी वेळेवर झाली.

पेरणी उरकल्यावर गावजेवण होतं. वाढायला अर्थातच मावशी. पुरणपोळ्यांचं ताट घेऊन ती पाटलांपुढे आली. पाटलांचं पोट तुडुंब भरलेलं. त्यांनी पानावर हात आडवा धरला. जुन्या सवयीनं मावशी वाकली. पाटील घाईघाईनं म्हणाले, "मावशे, आज माझी कात हाय!"

पंगत खदखदून हसली. मावशीही हसली. मग तिनं आपल्या हातावरच्या दातांच्या खुणांकडे पाहिलं, उचललेली पोळी ताटात परत ठेवली आणि ती पुढच्या पानाकडे गेली.

तेव्हापासून त्या गावात कुणी 'आज माझी कात आहे' म्हणालं की वाढणारा हात थांबतो. आणि असं सांगतात, की तिथले पाहुणे आता वेशीबाहेर आडवे होत नाहीत, चार दिवस जास्त राहतात.

तात्पर्य: भुकेल्याला घास द्यावा आणि नको म्हणणाऱ्याला सवड द्यावी.