बांधलेली घंटा

समुद्राच्या पोटात गुपितं मावत होती, तेव्हाची गोष्ट. अणुशक्तीवर चालणाऱ्या एका पाणबुडीत पितळी घंटा होती. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून खलाशांनी तिचा लोलक फडक्यानं बांधून ठेवला होता.

“भट्टीमावशी, माझा जन्म फुकट गेला,” घंटा अणुभट्टीपाशी कुरकुरायची.

“मी एवढी धगधगते, बाहेर कुणाला पत्ता आहे का? आपण कळलो नाही, तरच ही पोरं घरी पोचतात.”

तीस वर्षांनी पाणबुडी निवृत्त झाली. मावशी विझली. सगळे सुखरूप उतरले आणि शेवटच्या खलाशानं फडकं सोडून घंटा वाजवली.

धक्क्यावर जाळं विणणारा म्हातारा कोळी दचकला. “इथं पाणबुडी असायची होय? आम्हाला कधी कळलंच नाही.”

हे ऐकायला मावशी हवी होती, असं घंटेला वाटलं.