सुतारपक्ष्याच्या दहा ढोल्या

मुलांनो, एका जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. कामाला वाघ आणि स्वभावाने अगदी भोळासांब! त्या जंगलातली मऊ लाकडाची सगळी झाडं एका पोपटाने बळकावली होती. पोपटाने जागा दाखवायची, सुतारपक्ष्यांनी ढोली कोरायची आणि संध्याकाळी प्रत्येकी दोन उंबरं घेऊन घरी जायचं, अशी तिथली रीत. ढोली मात्र पोपटाची. ती तो मैनांना भाड्याने देई.

एकदा पोपट आपल्या या सुतारपक्ष्याला म्हणाला, "गड्या, मीसुद्धा असाच राबून वर आलो. तुझ्यात धमक आहे. एक दिवस तुझ्याही दहा ढोल्या होतील!" झालं! स्वारी हवेत तरंगायला लागली. घरी येऊन पंख फडफडवत तो बायकोला म्हणाला, "अगं, दहा ढोल्या! तू नुसते शेंड्यावर बसून हुकूम सोडायचे!"

बायको अंड्यावर आली होती. ती म्हणाली, "अहो, दहा राहू द्या. अंडी घालायला आधी एक बघा."

तेवढ्यात बाकीचे सुतारपक्षी आले. "दोन उंबरांत भागत नाही. तीन हवीत, आणि विणीच्या दिवसांत प्रत्येकाला एक ढोली. उद्यापासून काम बंद! येतोस ना?"

"खुळे की काय तुम्ही!" सुतारपक्षी ओरडला. "उद्या मी मालक झाल्यावर कामगारांना तीन-तीन उंबरं वाटत बसू? वर ढोली फुकट? माझं तर दिवाळंच निघेल!"

दुसऱ्या दिवशी सगळं रान गप्प, आणि हा पठ्ठ्या एकटाच टकटक टकटक! ते बघून बाकीचेही हिरमुसून कामावर परतले. पोपटाने त्याची पाठ थोपटली. उंबरं मात्र दोनच दिली.

चार दिवसांत बायकोची वेळ भरत आली. सुतारपक्षी धावतच पोपटाकडे गेला. "मालक, मीच कोरलेली एक ढोली द्या हो, अंड्यांपुरती!"

"घे की! पण मैना रोज सहा उंबरं भाडं देते. तू किती देशील?"

सुतारपक्ष्याने पंजातल्या दोन उंबरांकडे पाहिलं आणि त्याचे डोळे खाडकन उघडले. तो थेट सोबत्यांकडे उडाला. "चुकलो रे! मला तुमच्यात घ्या."

"घेतलं!" सगळ्यांत थोरला म्हणाला. "फक्त उद्या चोच आवर."

सकाळ झाली. कुठे टक नाही की टुक नाही! ऐन विणीचा हंगाम, पोपटाच्या दारात मैनांची ही गर्दी! दुपारी पोपट धापा टाकत स्वतःच आला. "तीन उंबरं घ्या, ढोली घ्या, पण कामाला लागा रे बाबांनो!" मग काय विचारता! एकच जल्लोष झाला. सुतारपक्ष्याच्या बायकोला मात्र जल्लोष करायलाही सवड नव्हती. ती जवळच्या ढोलीत शिरली आणि संध्याकाळपर्यंत तिथे पहिलं पांढरंशुभ्र अंडं आलं.

तात्पर्य : उद्या मालक होण्याच्या स्वप्नात रमून आजच्या कष्टकऱ्याने आपल्याच सोबत्यांच्या हक्काच्या आड येऊ नये.