रहाटाच्या गाडग्यांचं पाणी

गाव उठून गेलं, तेव्हापासून त्या मळ्यात एक केरसुणी एकटीच फिरायची. ज्या वस्तूला आता कुणी हाक मारत नाही, ती झाडून न्यायची, हे तिचं काम. नियम एकच होता: जाण्याआधी ज्यानं जे धरलंय, त्यानं ते स्वतः सोडायचं. चुलीनं राख सोडली, की मगच ती चुलीवरून फिरायची.

एका संध्याकाळी ती विहिरीवरच्या रहाटापाशी आली.

"काही धरलंयस का रे?"

"मी कशाला काय धरू? मी नुसता फिरतो," रहाट म्हणाला.

त्याच्या माळेतली गाडगी मात्र गळ्यापर्यंत भरलेली होती. ती कळवळून म्हणाली, "बाई, आम्हालाही विचारा! विहिरीचं उरलंसुरलं पाणी आमच्यात आहे. तेवढं ओतू द्या."

"गप्प बसा," रहाट गुरकावला. "मला विचारलं म्हणजे तुम्हाला विचारलं."

केरसुणीला ते पटलं. तिनं एकच फटकारा मारला. रहाट गेला आणि गाडगीही गेली.

सकाळी टिटवी पिलांसाठी पोटाची पिसं भिजवायला आली. विहीर कोरडी होती. वर हवेत पाण्याचे गोळे रांगेनं लटकले होते, हुबेहूब गाडग्यांसारखे. तिनं चोच मारली, तर आतून मडक्यासारखा आवाज आला. थेंब काही सुटला नाही.

"थोडं सांडा ना," ती म्हणाली.

"आम्हाला कुठे सांडता येतं?" पाणी म्हणालं. "ज्यांनी धरलंय, त्यांना बोलाव."

माळावर टिटवी अजून ओरडते, ती त्या गाडग्यांनाच. आणि पाणी अजून तिथेच आहे.